उजवं मडगार्ड

स्पिलाम्बेर्तो, २ मार्च २००९

लेआर्को,

तुझं नाताळचं कार्ड जानेवारीच्या मध्यावर पोचलं. बर्फात उभं रेनडिअर आणि आत तीन शब्द, त्यांतला एक तुझं नाव. गेल्या वर्षीही हेच रेनडिअर होतं. स्वीडनमध्ये दुसरं जनावर नसेल तर निदान दुसरं वाक्य असेल, अशी माझी समजूत होती. जन्मभर मी शाळेत मुलांचे निबंध तपासले. इतक्या कमी मजकुरावर कुणालाही पास केलेलं नाही.

मी तुला सहसा लिहीत नाही, आणि त्याचं तुला दुःख होत असेल असंही मला वाटत नाही. आज लिहितेय, कारण घरात एक वस्तू आहे आणि ती कुणाची हे तूच सांगू शकतोस.

बार्केत्ता परत आली आहे. हो, तीच. नोटरींची लाल, उघडी, दोन माणसांची शर्यतीची गाडी, आपली होडुकली. एकोणसाठ साली बाबांच्या शेडमध्ये जिचं अंगभर अल्युमिनियम हाताने ठोकून घडवलं आणि जिच्यापायी तू घर सोडलंस. नोटरी केव्हाच वारले. तीन हिवाळ्यांमागे त्यांच्या म्हाताऱ्या बायकोने बाबांना फोन केला, ‘एर्मेस, तुझ्या त्या होडीत माझ्या कोंबड्यांनी बिऱ्हाड केलंय. नेतोस की भंगारवाल्याला बोलावू?’ बाबा तेव्हा सत्त्याऐंशीचे. ट्रॅक्टरमागे बांधून घेऊन आले. सीटवर एक कोंबडी अंडी उबवत होती, ती घर येईपर्यंत जागची हलली नाही. ती अजून आहे. बाबा तिला नोटरीणबाई म्हणतात.

मी त्याच वर्षी उन्हाळ्यात निवृत्त झाले. आठवडाभर रांधून वाढावं आणि आपल्या घरी परतावं म्हणून आले होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी हातात खरवडणी दिली. मी म्हटलं, ‘बाबा, मुलींनी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा नियम कुणी केला होता?’

‘मी. मुलींसाठी केला होता. तू आता म्हातारी आहेस, चालेल.’

तेव्हापासून मी इथेच आहे. माझी नखं कशी झाली आहेत ते विचारू नकोस. माझ्या नन्सच्या शाळेतल्या सिस्टर क्लोटिल्डेने पाहिली असती तर पट्टी काढली असती.

आता मुद्द्याचं. उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डला चाकाच्या कमानीवर चीर गेली आहे. ती सांधायची म्हणून आम्ही मडगार्ड सोडवलं आणि टेबलावर उलटं ठेवलं. बाहेरून रंग, खड्डे बुजवायची लांबी, पुन्हा रंग. आतून कधी कुणी काहीच लावलं नव्हतं. मी जुनी चिखलमाती रॉकेलने पुसत गेले आणि खालून हातोडीचे घाव दिसू लागले, माशाच्या खवल्यांसारखे, ओळीने. डावं मडगार्ड आम्ही आधीच साफ केलं होतं. त्याचे घाव उजवीकडे कलतात, कारण बाबांचा हात उजवा. ह्याचे सगळेच्या सगळे डावीकडे कलतात.

मला हातोडीतलं काही कळत नाही, पण अक्षरातलं कळतं. वही कुणाची हे मी नाव झाकून सांगू शकते. त्या शेडमध्ये डावखुरा माणूस एकच होता. मास्तरांनी तुझा हात बाकाला बांधून तुला उजव्याने लिहायला लावलं, म्हणून तुझ्या कार्डांवरचं अक्षर सरळ उभं असतं आणि त्यांत काही नसतं. पत्रा ठोकायची लाकडी मोगरी मात्र तू डाव्यानेच धरायचास.

मी बाबांना म्हटलं, ‘हे घाव उलटे आहेत.’

‘पत्र्याला उलटसुलट नसतं. पूस आणि झाकून ठेव.’

‘आणि चीर कोण सांधणार?’

‘मी नाही.’

ज्या माणसाने ह्या गाडीचा इंच न् इंच स्वतः ठोकून सरळ केला, नोटरीणबाईने चोच मारलेल्या जागासुद्धा, तो एका चिरेला हात लावत नाही. का? मडगार्ड गोणपाटाखाली पडून आहे आणि गाडी एका डोळ्याने आंधळ्यासारखी उभी आहे.

ते मडगार्ड तुझं आहे का, एवढंच कळव. हे पत्र बाबांना ठाऊक नाही.

नीव्हेस


स्पिलाम्बेर्तो, १९ एप्रिल २००९

लेआर्को,

आठ ओळी! ईस्टरचा चमत्कार म्हणून मी त्या दोनदा वाचल्या.

तू म्हणतोस, ते तुझं असणं शक्य नाही. तू गेलास त्याआधीच्या शनिवारी बाबा सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, ‘हे मडगार्ड आहे की बटाट्याचं पोतं? हे मी कापून फेकणार.’ आणि सोमवारी सकाळी तू आलास तेव्हा शेडमागच्या भंगारात त्याचे तुकडे पडले होते. तू ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेस आणि आत न येता स्टेशनवर गेलास. हे तू आईलासुद्धा कधी सांगितलं नाहीस. बाबा रागावले म्हणून पोरगा गेला, एवढंच आम्हांला माहीत. रागावून तर ते रोजच असत. त्यासाठी कुणी स्वीडनला जातं का, असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली.

हे वाचल्यावर मला जो संताप आला तो मी दुपारपर्यंत आवरला आणि मग आवरला नाही. बाबा आणि दोरांदो शेडमध्ये होते. दोरांदो आठवतो ना? तुझ्याबरोबर इंजिनं उघडायचा, मोठ्या कानांचा. आता पंचाहत्तरीला आला, कान अजून वाढले. होडुकलीचं इंजिन त्यानेच बसवलंय आणि त्या बदल्यात तो आमच्याकडे रोज जेवतो.

मी सरळ विचारलं, ‘बाबा, तुम्ही लेआर्कोचं मडगार्ड कापलंत?’

‘कोण म्हणतं?’

‘तोच म्हणतो.’

बाबांनी तिरपं बघितलं. त्यांना समोरचं दिसत नाही आता, नजरेच्या मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघायचं त्याच्यापासून तोंड फिरवून बघतात. आमच्या पाद्रीबाबांना वाटतं की हे त्यांचा अपमान करतात. तसा तो थोडा असतोही.

‘पत्रं चालू आहेत म्हणजे,’ बाबा म्हणाले. ‘बेकरीतल्या पोरीला ठाऊक, पोस्टातल्या पोरीला ठाऊक, फक्त आंधळ्याला ठाऊक नाही, असं वाटलं होय तुला?’

‘विषय बदलू नका. कापलंत की नाही?’

‘नाही.’

‘मग भंगारात तुकडे कसले होते?’

दोरांदो इंजिनात डोकं घालून बसला होता, तो तिथूनच म्हणाला, ‘एर्मेस, तू सांगतोस का मी सांगू?’

‘तू तुझा कार्बोरेटर बघ.’

‘तो बघूनच सांगतो. नीव्हेस, ऐक. त्या रविवारी गाव सगळं चर्चमध्ये. माझी सायकल इथे राहिली होती म्हणून मी आलो, तर आत ठोकाठोक. दार ढकललं. तुझा बाप! नवीन पत्रा घेऊन ओंडक्यावर वाकलेला, घामाघूम. म्हणाला, पोराला दाखवतो मडगार्ड कशाला म्हणतात ते. मी बसलो बघत. दुपार झाली. अगं, माझ्या सासूच्या पाठीलासुद्धा त्याहून बरी गोलाई होती!’

‘पत्रा खराब होता,’ बाबा म्हणाले.

‘पत्रा त्याच थप्पीतला होता. लेआर्कोचं शेजारी ठेवलेलं. याने दोन्हींवरून हात फिरवला. इकडून फिरवला, तिकडून फिरवला. मग कात्री घेतली आणि स्वतःचं कापलं. टरटर. मला म्हणाला, बोललास तर तुझेही तुकडे.’

‘आणि तू पन्नास वर्षं बोलला नाहीस?’ मी विचारलं.

‘मला कुठे माहीत, पोराने ते तुकडे पाहिले म्हणून! मला वाटलं, लेआर्कोला सगळं ठाऊक आहे.’

बाबा ओंडक्यावर बसले. त्याच ओंडक्यावर, ज्याच्या खळग्यात तुम्ही पत्रा ठोकून गोल करायचात. बराच वेळ त्यांनी त्या खळग्यात हात फिरवला.

‘त्याला वाटलं मी त्याचं कापलं?’

‘हो.’

‘इतकी वर्षं?’

‘हो, बाबा.’

‘गाढव,’ ते म्हणाले. मला कळलं नाही कुणाला म्हणाले. मग म्हणाले, ‘मी फोटो पाठवला होता त्याला.’

कसला फोटो, हे मी तीन वेळा विचारलं. ते उठून कोंबड्यांकडे गेले.

तर ऐक. घरातून जाताना तू जे पाहिलंस ते बाबांचं होतं. तुझं गाडीवर चढलं, रंगलं, नोटरींबरोबर डोंगर चढायच्या शर्यतींत गेलं, त्यांच्या बायकोच्या खुराड्यात म्हातारं झालं आणि आता माझ्या समोर टेबलावर आहे. मी त्यावर हात ठेवून हे लिहितेय.

फोटोचं काय ते तुला माहीत असलं तर कळव.

नीव्हेस


स्पिलाम्बेर्तो, २४ जून २००९

लेआर्को,

फोटो मिळाला. पाकिटात पुठ्ठा घालून पाठवलास, कोपरे दुमडू नयेत म्हणून. जो फोटो बघून तू बापाशी बोलणं टाकलंस तो तू इतकी वर्षं सांभाळून ठेवलास, ह्यावर मी काही बोलत नाही. बघ, मला गप्प बसताही येतं.

नोटरी टोपी घालून आत बसलेत, बाबा बाजूला उभे, आणि मागे एका अक्षराचं लिखाण नाही. तू लिहितोस, ‘त्यांनी मला दाखवून दिलं की त्यांचं मडगार्ड कसं झालं.’ मी फोटो बाबांच्या नाकासमोर धरला, मग डोळ्याच्या कडेला धरला, कारण तिथून दिसतं.

‘उजव्या बाजूने काढलाय,’ बाबा म्हणाले.

‘मग?’

‘मग काय? फोटोवाला डावीकडे उभा होता. उन्हाची बाजू ती. मी त्याला ओढत इकडे आणला. पोराचं मडगार्ड मधोमध येईल असा. आणखी काय लिहायचं?’

‘चुकलो, असं लिहायचं!’

‘तेच तर दाखवलंय.’

लेआर्को, ह्या माणसाने माफी मागितली होती. फोटोवाल्याला बाहीला धरून, ऊन सोडून सावलीत उभा करून मागितली होती. आणि तू पाकीट उघडून ती टोमणा म्हणून वाचलीस. तो उत्तराची वाट बघत बसला. उत्तर आलं नाही तेव्हा त्याने ठरवलं की पोराला गर्व झाला. आई गेली तेव्हा तू आलास, कबरीच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला तो, दोघंही आपापली टोपी छातीशी धरून. मला तेव्हा वाटलं होतं की दोघांना दोन कानांना धरून खड्ड्यात ढकलावं. माझी शाळा नन्सची, म्हणून ढकललं नाही.

आज सान जोव्हान्नीचा सण. हिरवे अक्रोड उतरवले. मागच्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या, चिरून बरणीत दारूत बुडवले, सगळ्यांचे हात काळे झालेत. पेन धरलं की कागदावर डाग पडतो, तेवढा चालवून घे.

मला तुला एक सांगायचं आहे, आणि मला अशा गोष्टी सांगायची सवय नाही.

मी ह्या तीन वर्षांची ऋणी आहे. कुणाची, ते मला नीट ठरवता येत नाही. लहानपणी मी त्या शेडच्या दाराशी उभी राहायचे आणि आत बाबा आणि तू ठोकत असायचात. दोघांचे दोन ताल. बाबांचा टक-टक असा सरळ आणि तुझा जरा मागून येणारा. मला वाटायचं की आत काहीतरी भलतंच चांगलं चाललंय आणि ते मला मिळणार नाही. मग मला नन्सकडे घातलं. तिथे सिस्टर क्लोटिल्डेने वेदीच्या कापडावर टाके घालायला शिकवले. टाका दिसला की उसवायचा. मी तिचा इतका राग केला की तिच्या दफनालाही गेले नाही.

आता ह्या वयात बाबांनी मला आत घेतलं. अल्युमिनियमला साबण चोळायचा, खालून ज्योत द्यायची आणि साबण काळा पडला की थांबायचं, म्हणजे पत्रा मऊ झाला. हे मला येतं. चर्चमध्ये जाताना अंगाला जळक्या साबणाचा वास येतो आणि बायका सरकून बसतात. सीटांची कातडी मी शिवली. बाबांनी शिवणीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, टाका सापडेना. म्हणाले, ‘नन्सनी तुला देव दिला नाही, पण टाका दिला हं पोरी.’ त्या संध्याकाळी मी सिस्टर क्लोटिल्डेच्या कबरीवर फुलं ठेवून आले. बेशरमपणे, इतक्या उशिरा. तिला राग आला असेल तर माझ्याकडे नंतर भरपूर वेळ आहे.

बाबांबरोबर काम करताना ते मला कधीही बरं म्हणत नाहीत. ‘इतकं वाईट नाही,’ म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी घरात येऊन तोंड धुतलं.

आता चीर. बोलोन्याहून एक तज्ज्ञ आला होता, जुन्या गाड्यांच्या मेळ्याचा, गळ्यात रुमाल. त्याने दोन्ही मडगार्डं यंत्राने मोजली आणि म्हणाला, उजवं डाव्याशी जुळत नाही, थोडं भरलेलं आहे, नवीन करून देतो, अगदी आरशातल्यासारखं. बाबांनी विचारलं, ‘तुमचे दोन कान सारखे आहेत का?’ तो हसला. ‘हसू नका,’ बाबा म्हणाले, ‘मला दिसत नाही म्हणून विचारतोय. सारखे नसतील तर उजवा ठेवून जा, नवीन करून देतो.’ गृहस्थ कॉफी न पिता गेला.

मी पुन्हा विचारलं, ‘बाबा, आता तरी का नाही सांधत?’

‘चीर सांधायला आतून ठोकावं लागतं.’

‘मग ठोका.’

‘माझे घाव उजवीकडे पडतात,’ ते म्हणाले. ‘त्याच्यावर माझे पडले की त्याचे पुसले जातील. एकदा कापणार म्हणालो होतो, आता खरंच कापू?’

मग कोंबडीला दाणे टाकत, माझ्याकडे अजिबात न बघता, म्हणजे नीट बघत, म्हणाले, ‘तिकडे लिहितेसच आहेस तर लिही. डाव्या हाताचं काम आहे म्हणावं.’

लेआर्को, तुला एवढंच आमंत्रण मिळणार आहे. ह्याहून जास्त बोलायला तो मरेपर्यंत शिकणार नाही. ह्या वेळी नीट वाच.

नीव्हेस


स्पिलाम्बेर्तो, ३० जुलै २००९

लेआर्को,

‘बघू.’ वा. आणि खाली कारण: तू त्यानंतर कधी मोगरी धरली नाहीस, तिकडे कारखान्यात दारं यंत्रातून निघायची, सगळी एकसारखी, तू फक्त बटण दाबायचास, आता हात थरथरतो, बिघडवून ठेवशील.

तुझा हात थरथरतो! इथे एक नव्वदीचा माणूस आंधळ्या डोळ्यांनी दरवाजाच्या बिजागऱ्या बसवतोय आणि तुझा हात थरथरतो.

मी मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहायची नव्हतीच. बाबा मे महिन्यात शेडमध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण पडण्याचं कारण हाड नव्हतंच, हृदय होतं. डॉक्टरीणबाई आमची जुनी विद्यार्थिनी, शुद्ध बोलते, कुणाला फसवत नाही. मी तिला विचारलं की नाताळापर्यंत तरी आहेत का. तिने माझा हात हातात घेतला. मी तिला सात वर्षं लॅटिन शिकवलंय. ती उत्तर टाळते तेव्हा मला कळतं.

आता दिवसातला बराच वेळ ते शेडमध्ये खुर्चीत असतात. खाट नको म्हणतात. गाडी तयार आहे. इंजिन चालतं, दोरांदोने सुरू केलं तेव्हा नोटरीणबाई छपरावर जाऊन बसली. रंग फक्त राहिला आहे, कारण उजवं मडगार्ड नाही. दोरांदो म्हणाला, ‘एर्मेस, तसाच एक फेरफटका मारू, मडगार्डावाचून. नदीपर्यंत.’ बाबा म्हणाले, ‘एका बाजूने उघडी? ती काय बाजारात निघालीये?’ आणि मग हळूच, ‘तो येईल ना, तेव्हा.’

तो येईल ना. हे मी ऐकलं. माझ्याशी बोलत नव्हते.

आता मी तुला रागाने लिहीत नाही, हे शब्द बघून तुला तसं वाटेल तरी. तुझे उपकार मानायचे आहेत मला. तू ते मडगार्ड अठराव्या वर्षी इतकं चांगलं केलंस की आपल्या बापाला हार पत्करावी लागली. त्याला दुसऱ्या कुणी हरवलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बसून दारू प्यायली असती. मुलाने हरवलं, तर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्या गाडीमुळे तू गेलास, त्याच गाडीमुळे मला आत जागा मिळाली. हे मला कबूल करावं लागतंय आणि ते मला मुळीच आवडत नाही. तुझी जागा मी तीन वर्षं वापरली. ऊबदार होती. आता तिचा धनी यावा.

तुझी मोगरी इथे आहे, खुंटीवर. मला आधी कळलं नव्हतं की ती कुणाची. दांडा एका बाजूने झिजलाय. मी उजव्या हातात घेतली तर बोचते. इतक्या वर्षांत शेडमधली अर्धी हत्यारं बाबांनी वाटून टाकली, विकली, हरवली. ती मात्र खुंटीवरून हलली नाही. पाठवू का, असं मी विचारणार नाही. तिला पोस्टाने प्रवास करायचा नाही.

तू आलास आणि हात थरथरला, तर थरथरू दे. तेही बाबांच्या हाताला कळेल, आणि त्यांना तेच हवं असेल.

नीव्हेस

ता.क. रेनडिअरचं कार्ड पाठवलंस तर मी ते न उघडता परत करीन.


स्पिलाम्बेर्तो, १३ सप्टेंबर २००९, रविवार

लेआर्को,

हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझ्या ताटाखाली ठेवणार आहे. तू शेडमध्ये आहेस. हाक मारली तर ऐकू येईल इतका जवळ. पण मी आत आले की तुम्ही दोघं बोलायचं थांबता आणि माझ्याकडे असे बघता की जणू मी शाळा तपासायला आलेय. तेव्हा लिहिते. मला आता सवयच झाली आहे.

सकाळी चर्चला मी एकटी गेले. पाद्रीबाबांनी विचारलं, एर्मेसची तब्येत कशी, आणि परदेशातून आलेला मुलगा का नाही दिसला. मी म्हटलं, ते दोघंही शेडमध्ये ठोकतायत. ते म्हणाले, ‘रविवारी?’ मी म्हटलं, ‘पाद्रीबाबा, आमच्या घरात एका रविवारचं काम अर्धवट राहिलंय.’ त्यांना काही कळलं नाही. सांगायला लागले असते तर प्रवचन चुकलं असतं.

येताना वळणापासूनच ऐकू आलं. मी फाटकाशी थांबले. एक सरळ आणि एक जरा मागून येणारा. बाबांचा फार क्षीण होता, मधेच थांबायचा, मग तुझाही थांबायचा, मग पुन्हा दोन्ही. दोरांदो बाहेर बाकावर बसून रडत होता आणि मला म्हणाला की पेट्रोलचा धूर डोळ्यांत गेला. इंजिन बंद होतं.

मी दाराच्या फटीतून पाहिलं, लहानपणी बघायचे तशी. तू ओंडक्यावर वाकला होतास आणि तुझा हात खरंच थरथरत होता. बाबा खुर्चीत, मांडीवर दुसरा तुकडा घेऊन नुसतेच ठोकत होते, ताल द्यायला. मग तू मडगार्ड उचलून त्यांच्या गुडघ्यांवर ठेवलंस. त्यांनी तळहात फिरवला, बाहेरून, मग आतून. चीर जिथे होती तिथे हात थांबला.

‘बटाट्याचं पोतं ते पोतंच,’ बाबा म्हणाले.

आणि तू हसलास. पन्नास वर्षांत मी तुझं हसणं ऐकलं नव्हतं, ते आईसारखं आहे हे मी विसरले होते. आणि बाबांनी तुझा डावा हात धरला. अंगठा तुझ्या तळव्यावर तसाच फिरवला, चिरेवर फिरवला होता तसा. ‘इतकं वाईट नाही,’ म्हणाले. मी तिथून निघून आले. ते माझ्यासाठी नव्हतं.

म्हणून इथे सांगते, कारण तू मला समोर बोलू देणार नाहीस: तू आलास, हे फार चांगलं केलंस. देवाचे आभार मी सकाळी मानले, सिस्टर क्लोटिल्डेचे येताना मानले, उरले ते तुझे. मडगार्डाच्या आतली बाजू रंगवायची नाही असं बाबा म्हणालेत, ते मी रंगाऱ्याला बजावलंय. बुधवारी रंग वाळेल. गुरुवारी तुम्ही दोघं नदीपर्यंत जाऊन या. मी मागे बसणार नाही, कारण मागे जागाच नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. मी फाटकाशी उभी राहीन. उजव्या बाजूला.

आता उठा. मांसाचं सारण भरलेले तोर्तेल्लीनी मी काल दिवसभर बसून हाताने वळले आहेत, रस्सा उकळतोय आणि दोरांदो चमचा घेऊन बसलाय. थंड झाले तर मी तुम्हां दोघांना क्षमा करणार नाही आणि ह्या वेळी फोटोने भागणार नाही.

बाबांना धरून आण. आणि जेवायला बसण्याआधी हात धू. दोन्ही.

नीव्हेस